गावची खाडी गावाने राखायची तर

कोकणात खाडीकाठच्या कुठल्याही गावात मासळी कमी झाल्याची तक्रार ऐकू येते. पाठोपाठ दोन नावं येतात: भर समुद्रातले पर्ससीनवाले आणि खाडीच्या वरच्या अंगाचे कारखाने. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. तरीही ती घेऊन जिल्ह्याला गेलेली माणसं बहुतेक वेळा आश्वासन घेऊन परततात. त्यांच्यापाशी जन्मभराचा अनुभव असतो. पण कुठल्या जागी काय मिळत होतं, कधीपासून कमी झालं, मेलेली मासळी कोणत्या दिवशी तरंगली, याचं एकही टिपण नसतं. समोरच्या अधिकाऱ्याचं काम कागदावर चालतं.

हा लेख किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी, मच्छीमार सोसायट्यांसाठी, बचत गटांतल्या बायांसाठी आणि गावात राहून काही करू पाहणाऱ्या तरुणांसाठी आहे. माझं सांगणं असं, की सुरुवात समुद्रापासून करू नका, खाडीपासून करा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं, त्यापुढचं केंद्राच्या. तिथे गावाचा हात पोचत नाही. पण खाडीचं तोंड, कांदळवन, भाट, खडप आणि पुळण ही रोजच्या नजरेखालची असतात आणि समुद्रातल्या बऱ्याच मासळीचं बालपण तिथेच जातं. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरून वाढतात. चिंबोरीची मादी अंडी सोडायला बाहेर समुद्रात जाते आणि पिल्लं परत कांदळाच्या मुळांत येतात. जिताडा, बोय, तांबोशी यांचीही खाडीत ये-जा असते. खाडी बिघडली तर बाहेरच्या समुद्रातली बंदी कितीही कडक पाळली तरी उपयोग अर्धाच.

आधी नोंदवही

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या पंचायतीतली नोंदवही एकदा मागून बघा. पुष्कळ ठिकाणी तीत आंबा, फणस, करवंद सापडतील, पण खाडीचं पान कोरं असेल. ते पान भरणं हे पहिलं काम, आणि त्याला बाहेरच्या तज्ज्ञाची वाट बघावी लागत नाही.

गावच्या खाडीचा नकाशा हाताने काढा. प्रत्येक कोंड, प्रत्येक भाट, प्रत्येक खडप यांना नाव असतं. ती नावं त्यावर लिहा. कालवं कुठे फोडतात, तिसऱ्या किंवा मुळे कुठे मिळतात, पाग कुठे टाकतात, पूर्वी कुठे टाकत आणि आता का टाकत नाहीत, हे विचारून भरा. यासाठी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायांना आधी बोलवा. होडीवाल्या पुरुषांना खोल पाणी ठाऊक असतं, उथळ पाण्याची माहिती या बायांकडे असते. गावच्या बैठकांत त्या मागे बसतात आणि बोलायची पाळी येईपर्यंत बैठक उठते. समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियमच आहे. त्या जागा कालवं काढणाऱ्या बायांना द्या.

नोंद करताना तारखेबरोबर तिथीही लिहा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग यांत पाण्याचं वागणं इतकं वेगळं असतं, की तिथीशिवायची नोंद पुढे कुणाला जुळवता येत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारे जाणते अजून गावोगावी आहेत. त्यांना या कामात घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या जाळ्यात काय आणि किती मिळालं एवढं लिहिलं तरी दोन वर्षांत त्यातून काहीतरी दिसायला लागतं. भरतीवर बोलायला सगळे तयार असतात, पण वही नियमाने भरणारा एक माणूस मिळणं अवघड. तो मिळाला तर त्याला मानधन द्या. हा खर्च वाया जात नाही.

दुसरा नकाशा सरकारी. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, मग २०११ आणि २०१९ मध्ये नवी आली. तिच्याखाली प्रत्येक जिल्ह्याचे किनारा व्यवस्थापन आराखडे तयार झाले आहेत. त्यांत भरतीरेषा, कांदळवन, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा यांच्याबरोबर कोळीवाडे आणि मासळी सुकवायच्या जागाही दाखवलेल्या असाव्या लागतात. तुमची वाळवणाची खळी नकाशावर नसेल, तर उद्या तिथे दुसरं काही उभं राहताना तुमचा हक्क शाबीत करणं फार कठीण जातं. म्हणून गावाचा हाताने काढलेला नकाशा या आराखड्याशी ताडून बघा आणि जे सुटलं असेल ते ग्रामसभेच्या ठरावासह लेखी कळवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीत स्थानिक पारंपरिक समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. ते तीन जण कोण आहेत, हे शोधून काढा.

कांदळवन, बांध आणि उघाडी

कांदळवनाबद्दल आता बरीच जागृती आहे. राज्याने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवन तोडता येत नाही आणि त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तोडीपेक्षा आज मला जास्त भीती वाटते ती हळूहळू गुदमरण्याची. रस्त्यासाठी भराव टाकतात, खाली मोरी ठेवत नाहीत किंवा इवलीशी ठेवतात. भरतीचं पाणी पलीकडे पोचत नाही आणि दोन-तीन वर्षांत तिवरं उभीच्या उभी वाळतात. झाडाला कुणी कोयता लावलेला नसतो, त्यामुळे गुन्हाही नोंदला जात नाही. रस्त्याचं काम सुरू होताना मोरी किती रुंद आहे आणि तिचा तळ किती खोल आहे, हे गावाने तिथे उभं राहून पाहिलं पाहिजे. भांगाच्या दिवसांतही पाणी आत-बाहेर झालं तर मोरी पुरेशी.

त्याचप्रमाणे कांदळ लावण्याच्या उत्साहाला थोडा आवर घाला. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा मोकळा दिसतो, पण तो रिकामा नसतो. किडे, शिंपले, लहान खेकडे यांनी तो भरलेला असतो आणि पक्षी त्यावरच जगतात. तिथे रांगेने रोपं खोचणं म्हणजे भरल्या ताटावर दुसरं ताट ठेवण्यासारखं आहे. वाळलेल्या कांदळवनात आधी पाण्याची वाट मोकळी करा. पाणी खेळू लागलं की बिया भरतीबरोबर आपोआप येतात.

रायगडच्या खारेपाटात आणि गोव्याच्या खाजन शेतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. तिथे समुद्राचं पाणी थोपवणारा बांध आहे, बांधाला उघाडी आहे, आत भातशेती आहे. गोव्यात उघाडीला मानस म्हणतात. तिची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते. उधाणात बांधाला खांड पडली आणि ती तशीच राहिली, तर खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं आणि काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. मग शेतकऱ्याला आपलीच जमीन परत कसता येत नाही आणि तो कांदळवनाचा वैरी होतो. हा राग समजून घ्या. त्याला कायद्याचा धाक दाखवून प्रश्न सुटत नाही. उपाय खांड पडल्या दिवशीच करायचा असतो. त्याच दिवशी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, खारभूमी विभागाला लेखी कळवा आणि पुढच्या उधाणाच्या आत निदान तात्पुरता बांध घाला. उघाडीवरच्या मासळीचा लिलाव होत असेल, तर झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची हे करारातच लिहून घ्या. मासळीसाठी झडप जास्त वेळ उघडी ठेवण्याचा मोह ठेकेदाराला होतोच आणि त्याची किंमत आतला शेतकरी मोजतो.

शिंपल्यांच्या भाटाला विश्रांती

गावाला खऱ्या अर्थाने आपल्या हाताने राखता येईल अशी एक गोष्ट म्हणजे शिंपल्यांचे भाट. शिंपला पळून जात नाही. आज सोडलेला लहान शिंपला उद्या तिथेच मोठा होऊन मिळतो, म्हणून नियम पाळल्याचं फळ पाळणाऱ्यालाच मिळतं.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराचा दाखला जरूर अभ्यासावा. परदेशी मागणीमुळे तिथला शिंपला बेसुमार काढला गेला आणि १९९३ च्या सुमारास उत्पादन ढासळलं. मग मच्छीमार आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद ठेवायचा, काढणीच्या जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान असू नये, लहान शिंपले परत टाकायचे, असे मोजके नियम ठरले. उत्पादन सावरलं आणि २०१४ साली या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

आपल्याकडे महिने वेगळे असतील, कारण जात आणि पाणी वेगळं. त्यासाठी रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय किंवा सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र यांना पत्र लिहा. आपल्या भाटावरचे शिंपले महिन्याला एकदा फोडून त्यांना दाखवा आणि वीण कधी भरते ते विचारून घ्या. तोवर एवढं तरी करता येईल: भाटाचे दोन भाग करा आणि एका वर्षी एकच भाग काढा. बाहेरून येऊन पोत्यांनी शिंपले नेणाऱ्या व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार जैवविविधता समितीला आहे; गावातल्या बायांच्या पोटापाण्याच्या काढणीला मात्र हात लावू नका. भाटाजवळ सक्शन पंपाने वाळू उपसली जात असेल, तर वरचे सगळे नियम व्यर्थ आहेत. हातपाटीने काढलेल्या वाळूची आणि पंपाने उपसलेल्या वाळूची तुलनाच होऊ शकत नाही. पंप तळच ओढून नेतो, शिंपल्यांच्या पिल्लांसकट.

मासळी मेली तर पहिल्या काही तासांत

दाभोळची खाडी, महाडची सावित्री, तारापूरचा किनारा: औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना मेलेल्या मासळीचं दृश्य नवं नाही. अशा वेळी संतापाने रस्ता अडवला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुरावा दोन भरत्यांत वाहून जातो. म्हणून काय करायचं हे आधीच ठरवून, ते सोसायटीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मासळी तरंगताना दिसली की पहिली गोष्ट म्हणजे वेळ टिपणं आणि त्या क्षणी भरती आहे की ओहोटी ते लिहिणं. पाणी कुठल्या दिशेने वाहत होतं यावरून विष कुठून आलं हे पुढे ठरतं. कोणत्या जाती मेल्या, कोणत्या जिवंत आहेत, खेकडे पाण्याबाहेर चढून बसले आहेत का, मासा पृष्ठभागाला येऊन धापा टाकतो आहे का, पाण्याचा रंग आणि वास कसा आहे, हे सगळं लिहा. वेळ आणि जागा दिसेल असे फोटो काढा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला, मत्स्यव्यवसाय विभागाला आणि तलाठ्याला लगेच फोन करा आणि लगोलग ईमेलही पाठवा, कारण फोनचा पुरावा राहत नाही. कायद्याच्या कामात मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच टिकतो. म्हणून त्यांना बोलावण्यात दिरंगाई नको आणि ते आल्यावर पाण्यातला प्राणवायू जागेवरच मोजायचा आग्रह धरा. बाटलीतून प्रयोगशाळेत नेईपर्यंत तो आकडा बदलतो. नमुने किमान तीन ठिकाणचे हवेत: मासळी मेली तिथला, त्याच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा. वरच्या अंगाचा नमुना नसेल, तर घाण तुमच्या गावातूनच आली असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. अधिकारी येईपर्यंत गावानेही स्वच्छ बाटल्यांत पाणी भरून, चिठ्ठ्या लावून बर्फात ठेवावं. मासाही ठेवा, पण धापा टाकणारा किंवा नुकताच मेलेला. कुजलेल्या माशातून काही कळत नाही.

एक सावधगिरी. प्रत्येक मासळी कारखान्यामुळेच मरते असं नाही. पहिल्या पावसात साचलेलं, कुजलेलं पाणी एकदम खाडीत उतरलं, तरी प्राणवायू घटून मासा मरतो. पहाटेच्या सुमाराला तसाही पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. खोटी तक्रार ठरली तर पुढची खरी तक्रार कुणी ऐकत नाही. म्हणूनच मघाची वही महत्त्वाची.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यातलं पीठ आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो, बाकीच्या पर्यावरणीय वादांसाठी मुदत सहा महिन्यांची. ही मुदत चुकल्यामुळे चांगली प्रकरणं बुडू शकतात.

बाहेरच्या समुद्राबद्दल

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना बंदी असते. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर कडक शिक्षा आली. पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने हंगामाची आणि अंतराची बंधनं आली. कायदा आहे, गस्त अपुरी आहे. त्याबद्दल गावाने करायचं ते एवढंच: बेकायदा नौका दिसली तर नोंदणी क्रमांक, वेळ आणि मोबाइलवरच्या जीपीएसची जागा टिपून मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवणं. समुद्रात स्वतः जाऊन अडवाअडवी करू नका. त्यात जिवावर बेततं आणि गुन्हे आपल्याच पोरांवर दाखल होतात.

बंदरावर मात्र सोसायटीच्या हाती बरंच आहे. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. लिलावाच्या जागी भिंतीवर ही मापं चित्रांसह रंगवा. लहान पापलेटं डोलीत सापडतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती परत सोडली तरी बहुधा वाचत नाहीत, हेही खरं. त्यामुळे मापाचा नियम बाजाराने पाळला तरच चालेल. पिल्लांना गिऱ्हाईकच नाही असं झालं, तर जाळ्याचा आस वाढवायला आणि पिल्लं भरलेली जागा सोडून जायला कारण मिळतं. ट्रॉलसाठी सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शेपटी वापरून पाहिली गेली. साधा, कर्णाकार आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. पापलेट विकत घेणाऱ्या शहरी वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं: तळहातात मावणारं पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्यात २०१८ पासून आहे. त्यासाठी प्राणी सोडतानाचं चित्रण लागतं. ही गोष्ट प्रत्येक तांडेलाला ठाऊक असायला हवी.

पुळणीबद्दल थोडक्यात. मर्यादवेल आणि रावणमूंछ उपटून किनारा 'स्वच्छ' करू नका. वाळू धरून ठेवणाऱ्या याच वनस्पती आहेत. पुळणीवर गाड्या नेऊ देऊ नका, विशेषतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये, कारण तो ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली आणि आज त्या हंगामात पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बाया मांडवी खाडीत कांदळवनाची सफर स्वतः घडवतात. दोन्हीकडे उत्पन्न गावात राहतं, बाहेरच्या हॉटेलवाल्याकडे जात नाही. पर्यटनाचा कुठलाही प्रस्ताव याच कसोटीवर तपासा. आणि गावासमोर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होत असेल, तर तो संपतो त्या टोकाला शेजारच्या वाडीची पुळण खचते. त्या वाडीला आधी विचारा.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरतात आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. या सभेत तीन ठराव मांडा. पहिला, जैवविविधता समितीत कालवं काढणाऱ्या बायांची नावं घालण्याचा. दुसरा, खाडीची नोंदवही ठेवायला एक माणूस आणि त्याचं मानधन मंजूर करण्याचा. तिसरा, मासळी मेल्यास कुणी कुणाला फोन करायचा, बाटल्या आणि बर्फ कुणाकडे असेल, याची यादी ठरवण्याचा. ठरावांच्या सहीशिक्क्याच्या प्रती जिल्हाधिकारी, मत्स्यव्यवसाय विभाग, कांदळवन कक्ष आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना पाठवा आणि प्रत्येकाची पोच नोंदवहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवा.